वाक्य जिथं अडायचं

शाळेत निरोप आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "गुरुजी, पळसदरीचा सुदाम गेला." किती साधं वाक्य! कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर... आणि मी त्याला विचारलं, "कुठं गेला?"

सुदाम आणि मी कर्जतच्या शाळेत एका बाकावरचे. मी तिथंच मराठीचा मास्तर झालो. तो मुंबईत एका संस्थेत संगणकाला मराठी वाक्यं उलगडायला शिकवू लागला. हे सगळं ऐंशी सालानंतरचं. रविवारी पळसदरीला घरी आला की कडेला भोकं असलेल्या कागदांची चळत पुढ्यात घ्यायचा. यंत्र ज्या वाक्यांवर अडलं ती वाक्यं त्यात असत, आणि त्यांचं पृथक्करण करायला मी. व्याकरणाचं पुस्तक काखेत मारून जायचो, आणि खरं सांगतो, जरा तोऱ्यातच जायचो.

एकदा त्यानं स्वतःच्या आईची वाक्यं यंत्राला घातली. "पानी नाय आलं." "तुमी बसा, मी हाय." प्रत्येकापुढं छापून आलं होतं, 'वाक्य चुकीचे'. मी म्हणालो, "बरोबरच आहे त्याचं. मीही लाल रेघ मारली असती."

सुदाम हसला नाही. "माझी आई जन्मभर असंच बोलतेय रं, आन् सगळ्यांना कळतंय. चूक तिची हाय, का आपले नियम तोकडे?"

पुढच्या रविवारी तीच वाक्यं पुन्हा अडलेली होती, पण पुढं छापलं होतं, 'मला समजले नाही'. "यंत्राला जमलं," तो म्हणाला, "आता मास्तरांचं बघू." मी रागानं चहा न घेताच उठलो. पण त्या आठवड्यात वह्या तपासताना 'नाय'वर लाल पेन टेकेना. शहाणा मला बिघडवून गेला. आता रविवार उजाडला की त्याच्याशी भांडायला जीव तुटतो... दुसरं काही नको, एक भांडण हवं.

परवा तसाच पळसदरीला गेलो. परतताना सुदामची आई मला पोचवायला स्टेशनपर्यंत आली. बाकावर एक अनोळखी बाई होत्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आजी, मुलगा कुठं असतो?"

म्हातारी रुळांकडं बघत म्हणाली, "मुंबईला."

सुदामनं शेवटी शेवटी यंत्राला एक नियम शिकवला होता. वाक्यात क्रियापद सापडलं नाही तर अडायचं नाही, 'आहे' धरायचं आणि पुढं जायचं. मी तेव्हा कडाडून हरकत घेतली होती, "आणि तिथं 'होता' असलं तर?"

बाईंनी मान डोलावली. माझी गाडी आली. मीही 'आहे' धरलं आणि चढलो.