चुडैलीचा दगड आम्ही ठरवला

गेल्या वर्षीच्या आषाढ पौर्णिमेला, विहारातली सकाळची वंदना आटोपल्यावर, गोमतीकाठच्या एका धोबिणीवर अन्याय झाला. करणारे आम्ही. अंधश्रद्धेविरुद्धचं पत्रक मी लिहिलं होतं.

घाटावरच्या चुडैलीची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. नवी नवरी बुडून मेली. आता भर दुपारी, घाटावर चिटपाखरू नसताना, कपडे आपटल्याचा आवाज येतो. तिचा हात लागलेल्या कपड्यात लांब केस सापडतो आणि तो कपडा जो घालेल तो तापाने फणफणतो. नावाडी म्हणतो, ती पुलाखाली असते. मासे धरणारा म्हणतो, वळणावर. चहावाल्याची चुडैल तर दर वेळी जागा बदलते. तिला ठरलेली जागाच नव्हती, म्हणून तिच्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं. हे मला आज कळतंय.

तेव्हा मला पत्रक जोरदार करायचं होतं. आम्हाला शिकवलंय तेच असं: आधी गोष्ट, ठसठशीत, ठिकाणासकट, मग तिचा समाचार. मी तिघांच्या तीन गोष्टी जुळवल्या आणि हिंदीत छापून टाकलं, 'नीम के नीचे वाला आख़िरी पत्थर'. कोणीही तसं सांगितलं नव्हतं. वाचायला बरं वाटत होतं, बस. पुढच्या बाजूला चुडैल. मागच्या बाजूला, आवाज पुलावर आदळून कसा परततो आणि नाल्याचं पाणी नदीत मिसळलं की माणसाला ताप का येतो, ते सगळं. विकास नगर, अलीगंज, घरोघर वाटलं.

लोकांनी पुढच्या बाजूचा फोटो काढला आणि मोबाईलवरच्या ग्रुपांवर टाकला. कागद कोणी उलटलाच नाही.

तो दगड त्या धोबिणीचा होता. घाटावर धोब्यांच्या प्रत्येक घराचा कपडे आपटायचा दगड ठरलेला असतो, दुसऱ्याच्या दगडावर कोणी रुमालही आपटत नाही. तिला तो सासऱ्याकडून मिळालेला. नवरा गेल्यावर ती एकटीच आपल्या कॉलनीतल्या चादरी, पडदे, बाळंतिणींचे कपडे न्यायची. दिवाळीपर्यंत तिचा गठ्ठा एका हातात मावायला लागला.

मी माफी मागायला गेले. ती चादर पिळत होती. मी, शहाणी, म्हटलं, "अम्मा, दूसरे पत्थर पे धो लीजिए ना."

"किसके?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "बिटिया, चुड़ैल बेचारी भटक रही थी. तुमने उसको हमारा पता लिखकर दे दिया."

शेजारच्या दगडावरचा धोबी खिदळला, "भौजी, अच्छा है ना, दो जनी मिलके धोओ, जल्दी निपटेगा!" तीही हसली. मी म्हटलं, खुलाशाचं नवं पत्रक काढते. तिचं हसू गेलं. "ना बिटिया. अब कुछ मत छापना."

घरी आले तर बाळंतपणाला आलेल्या ताईच्या बाळाची दुपटी मशीनमध्ये फिरत होती.

"आई, हे दर सोमवारी तिला देतो ना आपण?"

"देत होतो. आता बाळाचे कपडे आहेत न. काहून उगाच?"

"तू भूत मानतेस?"

"मी कुठं मानते, बाप्पा? पण बाळाला काही झालं तर?"

बाबांनी पेपर खाली केला. "तूनंच लिहिलं न ते?"

"मागची बाजू वाचली का तुम्ही?"

"मागं काही होतं काय?"

बाबांनी स्वतः शंभरेक घरांत ती पत्रकं वाटली होती, यार!

त्या घाटावरच्या माणसांवर मला राग नाही. ते गोष्ट सांगतात, हसतात आणि त्याच पाण्यात उतरून काम करतात. राग आपल्यावर आहे. आपल्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत, मुलांकडून त्या आपण पाठ करून घेतो. समोरच्या काकू मला म्हणाल्या, "आम्ही नाही मानत, हाँ. पण मशीन आहेच ना घरात." मशीन तर आधीपासून होतं, काकू. तेव्हाही चादरी तिच्याकडेच जायच्या. विहारात मी हा विषय काढला तर सगळ्यांनी माना डोलावल्या, अंधश्रद्धा वाईटच, आणि चहा घेतला. दुसऱ्या सोमवारी ती आपल्या गल्लीतून रिकाम्या हाताने परत गेली. अजून तशीच जाते. दगड सोडून आता अमीनाबादेत कुठे दुकानाची झाडझूड मिळते का, विचारत होती.

तेव्हा मला 'पोरी, छान लिहिलंस' म्हणू नका. येत्या सोमवारी ती आपल्या गल्लीत येईल, दुपारी. दार उघडा. जुना पडदा किंवा पायपुसणं देऊन सुटका करून घेऊ नका. तुमच्या घरातलं सगळ्यात लहान लेकरू ज्यावर झोपतं, ते दुपटं तिच्या हातात द्या.