होऊन जाईल चूर्ण

आमच्या नाहूरचे साहेब सध्या माजी नगरसेवक आहेत आणि फ्लेक्सवर भावी. पाणी, दिवे, खड्डे, काहीही सांगा, साहेब उजवा अंगठा वर करणार आणि म्हणणार, "होऊन जाईल!" अंगठ्यात जाडजूड सोन्याची अंगठी. होत काहीच नाही, पण ऐकायला झकास वाटतं.

आमच्या गेटसमोरच्या गटारावरची लादी तुटली, तेही होऊन जाणार होतं. तिथेच बाबा पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते वॉकर घेऊन गटारापर्यंत यायचे, पलीकडे नाक्याकडे बघत उभे राहायचे आणि परत फिरायचे. टपरीवरचा चहा बंद, मित्र बंद. माझा तर संताप संताप व्हायचा.

आई घरी पोटाचं चूर्ण करते. हिरडा, सोनामुखी, ओवा, सैंधव. कोणी लाजत लाजत तक्रार घेऊन आलं की पुडी हातात देऊन म्हणते, "कोमट पाण्यातून घे, सकाळी होऊन जाईल." बचत गटाच्या प्रदर्शनात तिला स्टॉल मिळाला आणि पाकिटाला नाव हवं झालं. मी म्हटलं, "आई, नाव तर तू रोजच घेतेस गं, 'होऊन जाईल'!" स्टिकरवर अंगठा मी टाकला. अंगठीसकट. टाकला तर टाकला!

पाकिटं धडाधड खपली. मग साहेबांनीच ठेवलेल्या हळदीकुंकवाला कोणीतरी पाण्याचं विचारलं. साहेब माईकवर म्हणाले, "होऊन जाईल!" आणि मागून एक आजी ओरडल्या, "कोमट पाण्यातून का हो?" अख्खा हॉल फुटला. मी हसून हसून खुर्चीवरून खाली यायची बाकी होते. साहेब बिचारे अंगठा खाली घ्यायचंच विसरले.

दुसऱ्या दिवशी दोन कार्यकर्ते दारात. "काकू, साहेबांच्या प्रतिमेला धक्का पोचतोय. नाव बदला, नाहीतर पुढच्या वेळी स्टॉल विसरा."

"प्रतिमा त्याची, पोट लोकांचं," आई म्हणाली. "त्यालाच पाठवा जा."

एक जण जिन्यातून परत वर आला आणि हळूच म्हणाला, "काकू, एक पाकीट मिळेल ना?"

साहेब खरंच आले, कार्यकर्त्यांना घेऊन. चहाला हातसुद्धा लावला नाही. "काकू, अंगठा वर केला की लोक फिदीफिदी हसतात हो. पोरं विचारतात, साहेब, सकाळी झालं का? मी मतं मागायची कशी?" माणूस अगदी रडवेला झाला होता. मी ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

"अरे, तू हाफ चड्डीत गणपतीची वर्गणी मागायला यायचास, तुझं वाईट करीन का मी?" आईचा आवाज आला. "गटारावर नवी लादी टाक. ज्या दिवशी ह्यांचा वॉकर पलीकडे जाईल, त्या दिवशी पाकिटावरचं नाव बदलते."

साहेब खूश होऊन उठले, अंगठा वर गेला, "होऊन..." आणि त्यांनी झटकन स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. आधी कार्यकर्ते फुटले, मग आई, मग मी, आणि शेवटी स्वतः साहेब. सगळेच डोळे पुसत होतो.

आणि काय आश्चर्य, काम झालं की हो! चांगला जाड स्लॅब पडला. तो वाळल्यावर सगळी गल्ली गेटपाशी जमली. बाबांनी वॉकर स्लॅबवर आपटून बघितला. पुन्हा आपटला. मग एकेक पाऊल टाकत पलीकडे गेले. बाबांची गिरणीतली नोकरी सुटली, पण मालवणी काही सुटली नाही. पलीकडून ते वळले आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "झाला गो एकदाचा!"

आई तिथेच पदरात तोंड लपवून रडायला लागली, मधेच हसायला लागली. साहेब हात जोडून पुढे आले. "काकू, आता नावाचं तेवढं..."

"बदलते रे बाबा," आई म्हणाली. "आत्ताच सुचलं."

पाकिटावर आता अंगठा नाही. बाबांचा वॉकर आहे, आणि वर ठसठशीत अक्षरांत नाव: 'झाला एकदाचा!'