सोलापूरची पाच पानं

हेमलता कारखानीस दिल्लीत मयूर विहारला राहायची आणि खासदारांच्या एका समितीसाठी घरूनच भाषांतरं करून द्यायची. सरकार तेव्हा युरोपशी व्यापार कराराची बोलणी करत होतं. त्यात काय मागावं, काय सोडू नये, हे ठरवायला समितीने लोकांची निवेदनं मागवली होती. त्यातली मराठी निवेदनं इंग्रजीत करायला हेमलताकडे येत.

एका शनिवारी दिनकर येमूल या सोलापूरच्या टॉवेल कारखानदाराचं निवेदन तिच्यासमोर होतं. हाताने लिहिलेली पाच पानं. त्याच दिवशी फरीदाबादला नात्यातलं लग्न होतं.

"आई, चलो ना, गाडी खाली आलीय," उल्का दारातून म्हणाली.

पहिली दोन पानं नमस्कार आणि गावाच्या इतिहासाची होती. हेमलताने चार ओळी लिहिल्या, खाली 'उर्वरित मजकूर पुनरुक्तीचा' असा शेरा मारला आणि ती निघाली.

आठ महिन्यांनी अहवाल आला. कुणाकडून तरी पत्ता मिळवून, पहाडगंजच्या एका लॉजवर उतरलेला दिनकर तो अहवाल घेऊन तिच्या घरी आला.

"ताई, माझं इंग्रजी कच्चं आहे. आमचं कुठल्या पानावर आहे, तेवढं दाखवा."

तिने उगाचच पानं उलटली. "दिसत नाही."

"मग खासदारांना पटलं नसेल," तो म्हणाला.

"तसंच असेल," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने जुनी प्रत काढून वाचली. तिसऱ्या पानावर सगळं होतं. युरोपातले व्यापारी रंगाच्या तपासणीचा दाखला मागतात, तो यायला सहा आठवडे लागतात, तोवर ऑर्डर हातची जाते. सोलापुरातच तपासणी व्हावी आणि करारात तिला मान्यता मिळावी, एवढंच मागणं होतं.

सकाळी ती पहाडगंजच्या लॉजवर गेली. "खासदारांपर्यंत ते पोचलंच नाही. मी पुढचं वाचलं नव्हतं. आणि काल तुमच्याशी खोटं बोलले."

दिनकरने अहवाल पिशवीत ठेवला. मग म्हणाला, "लिहायला महिना लागला होता मला."

त्याच दिवशी तिने पूर्ण भाषांतर केलं आणि आपली चूक कबूल करणाऱ्या पत्रासकट समितीच्या कचेरीत नेऊन दिलं. त्यानंतर तिला काम आलं नाही. पण पहिल्या अहवालावर सरकारने दिलेली उत्तरं तपासताना समितीने तपासणीबद्दल खुलासा मागितला. पुढच्या अहवालात त्यावर एक परिच्छेद आला.

तिने ते पान सोलापूरला पाठवलं. दिनकरचं कार्ड आलं: "भाचीकडून वाचून घेतलं. आमची परदेशची ऑर्डर गेल्या वर्षीच हातची गेली. बाकीच्यांना उपयोग होईल. आभारी आहे."

हेमलताला वाटलं, त्याने चार शब्द सुनावायला हवे होते. त्या 'आभारी'चं काय करावं, तिला कळेना.