साडूंचे थंड अणू

अकोल्याकडच्या मे महिन्यात लहानाचा मोठा झालेला माणूस जगातली सगळ्यात थंड वस्तू तयार करायला निघाला, याचं आम्हा नातेवाइकांना नवल वाटलं नाही. माझ्या साडूंइतका थंड माणूस मुळात अख्ख्या वऱ्हाडात नाही. अकोल्याला प्राध्यापक होण्याआधी कित्येक वर्षं ते एका प्रयोगशाळेत चहूबाजूंनी लेझरचा प्रकाश सोडून अणूंची धावपळ कमी करायचे, त्यांना प्रकाशाच्याच पिंजऱ्यात कोंडायचे आणि ते कसे फिरतात ते पाहत बसायचे. काही अणू घाण्याच्या बैलासारखे ठरल्या वाटेनं फिरतात, काही सैरावैरा. अगदी शेजारून सुटलेले दोघे क्षणात कुठल्या कुठे जातात. “मंग तुमी त्यायचं काय करता?” सासऱ्यांनी विचारलं. “पाहतो,” साडू म्हणाले. सासऱ्यांनी मुलीकडे पाहिलं. पण तोवर लग्न होऊन गेलं होतं.

ही पाहण्याची सवय अणूंपुरती राहिली नाही. चांदूर रेल्वेच्या एका लग्नात साडू मांडवाच्या कोपऱ्यात वही घेऊन उभे. “दोघं मावसभाऊ संगच आत आले. एक जिलबीपाशी आहे, दुसरा नवरीच्या खोलीत गेला. लय मजेदार आहे.” त्या दुसऱ्याला बाहेर काढेपर्यंत मंगलाष्टकं खोळंबली, याची वहीत नोंद नाही. घरी ते कूलर लावू देत नाहीत, कारण तो थरथरतो. मेहुणी मे महिना अमरावतीला आमच्याकडे काढते.

गेल्या वर्षी बार्शीटाकळीहून, जन्मभर कापूस पिकवलेल्या त्यांच्या वडिलांना अकोल्याला आणलं. बाबांना विसर पडू लागला होता. दार उघडं दिसलं की चालू पडायचे. सगळे म्हणाले, कुलूप लावा. साडू म्हणाले, “कोंडू नका. आंदी पाहू द्या.” दोन महिने ते वही घेऊन वडिलांच्या वीस पावलं मागे चालले. कॉलनीनं दोघांचीही आशा सोडली.

कापसाच्या हंगामात एका दुपारी, साडू कॉलेजात असताना, बाबा निसटले. मी त्या दिवशी अमरावतीहून त्यांच्याकडे आलो होतो. स्कूटर काढून स्टेशन, बसस्टँड पालथं घातलं. साडू आले, त्यांनी वही उघडली. पानभर रेघांचा गुंता, आणि मधोमध एकच वाट पुन्हापुन्हा गिरवलेली. “बाकी कुठं बी जाते, भरवसा नाही. पन कापसाची गाडी दिसली का तिच्या मांगं जाते. जिनिंगच्या फाटकापाशी थांबते.”

बाबा खरोखर तिथे, सरकी काढायच्या कारखान्याबाहेर लागलेल्या कापसाच्या गाड्यांच्या रांगेशेजारी, बाभळीखाली बसले होते. साडूंना पळताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. एक चप्पल रस्त्यातच राहिली.

बाबांनी मान वर केली. “कोन्या गावचा कापूस तुमचा?”

साडूंना दम लागला होता. “बार्शीटाकळीचा,” ते म्हणाले.

“मंग त आमच्याच गावचे तुमी. बसा. नंबर लागाले अजून येळ आहे.”

ज्या पोराला जन्मभर ‘अबे’ म्हणून हाक मारली, त्याला बाबा ‘तुमी’ म्हणत होते. बाबा जरा सरकले आणि सावलीतली अर्धी जागा त्यांनी साडूंना करून दिली.