गळती ग्लँड आणि गणिताचा पेपर

लिहिताना मी नवऱ्याला ‘तो’ म्हणणार आहे. तोंडावर जन्मभर ‘अवो, ऐकलं का’ केलं, तेवढं पुरे झालं. गोष्ट होडीच्या इंजिनाची आहे. ज्यांना इंजिनातलं कळत नाही त्यांनी घाबरू नये, होडीच्या इंजिनातलं त्यालाही कळत नव्हतं. त्याला विहिरीवरच्या पंपातलं कळत होतं.

उजनीच्या धरणात पाणी अडवायला लागले ती सुरुवातीची वर्षं, सत्तरचं दशक संपत आलेलं. आमचं गाव भीमेच्या एका काठाला आणि तालुक्याचा रस्ता समोरच्या काठावरनं. आधी उन्हाळ्यात माणसं धोतर-लुगडं वर खोचून नदी ओलांडायची. मग पाणी असं पसरलं की पलीकडं उभा असलेला माणूस ओळखू येईना. एस.टी.नं जायचं तर मोठा वळसा, गाडी तालुक्याला दुपारी पोचायची. म्हणून त्यानं होडी करून घेतली. बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं बाभळीच्या फळ्यांची केली. आमच्या विहिरीवर वीज आल्यापासून जुनं डिझेल इंजिन रिकामं पडलं होतं, ते तिच्यात बसवलं.

आता एवढं समजून घ्या. इंजिनाला कपलिंगनं, म्हणजे चार बोल्टांनी आवळलेल्या दोन चकत्यांनी, एक लोखंडी शाफ्ट जोडलेला असतो. तो होडीच्या बुडातनं बाहेर जातो आणि त्याच्या टोकाचा पंखा पाण्यात फिरतो. शाफ्ट जिथनं बाहेर पडतो तिथं पाणी आत घुसू नये म्हणून ग्लँड असते. म्हणजे शाफ्टभोवती पितळी नळकांड्यात तेलकट दोरी ठासून भरायची आणि वरनं दोन नट आवळायचे. पंपालाही अशीच ग्लँड असते, आणि सगळा घोळ इथंच झाला.

आमच्याकडं ज्याच्या पंपाची ग्लँड गळते तो मिस्त्री कच्चा. पाण्याला जपणारा मुलूख, गळती बघून माणसाच्या जिवावर येतं. “मिस्त्री, तुमच्या पंपाला शेंबूड आलाय,” असं कुणी चारचौघांत म्हटलं की त्या मिस्त्रीला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. माझ्या नवऱ्यानं बसवलेल्या पंपाखालची माती कोरडी ठणठणीत असायची. त्याचा त्याला तोरा होता. खोटं कशाला बोलू, मलाही होता.

होडीत इंजिन बसवायला मात्र सोलापूरच्या गिरणीतला एक म्हातारा फिटर आणला होता. त्यानं आधी रिकामी होडी पाण्यात सोडायला लावली, दोन दिवस भिजू दिली आणि मग पाण्यातच, कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून, इंजिन शाफ्टच्या रेषेत आणलं. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये दाढीच्या ब्लेडचं पान सारून चारी बाजूंना फट सारखी आहे का ते बघायचा. मी चहा घेऊन गेले तेव्हा मला म्हणाला, “बेटी, पानी में लकडी बदलती है. और ये बूंद गिरने दो. बूंद बंद, तो शाफ्ट खलास.” ग्लँडमधनं आत येणारा थेंब शाफ्टला गार ठेवतो, असं त्याचं म्हणणं. फिटर गेल्यावर नवरा म्हणाला, “म्हाताऱ्याला ग्लँड आवळता येत न्हाय, म्हणून ही सोंगं.”

होडीत साठलेलं पाणी रोज संध्याकाळी पत्र्याच्या डब्यानं उपसायचं काम माझं. चार डबे निघायचे. पाचवा कधी निघाला नाही. मला ती गळती कधीच खुपली नाही.

नववीतनं काढून माझं लग्न लावून दिलं होतं. पाच वर्षांनी मी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. गावात जूनपासून बालवाडी सुरू होणार होती आणि तिथं दहावी पास बाई पाहिजे होती. सासूबाई महिनाभर कुरकुरल्या, मग गप्प झाल्या. परीक्षा तालुक्याच्या शाळेत. मुलगी दीड वर्षाची, अंगावर पिणारी, त्यामुळं रात्री तिकडं राहायची सोय नाही. रोज सकाळी होडीनं जायचं आणि होडीनं यायचं. सगळे पेपर चांगले गेले. शुक्रवारपर्यंत फक्त गणित उरलं होतं, सोमवारी अकराचा पेपर. गणिताची मला धास्ती नव्हती, उलट त्याचीच मी वाट बघत होते.

शुक्रवारी परत येताना होडीत एक दूधवाला होता, आमच्याच गावचा, तोंडाचा फटकळ. त्याचं लक्ष ग्लँडकडं गेलं. “मिस्त्री, होडीला सर्दी झाली की काय? लई नाक गळतंय!” सगळी होडी हसली. मीही हसले, हे मान्य करते. नवऱ्याचे कान लाल झाले ते मी बघितले.

शनिवारी उजाडताच त्यानं बैलं जुंपली आणि होडी ओढून काठावर घेतली. मी पोरीला काखेत मारून पळत गेले.

“अवो, सोमवारी गणित हाय माजं! मंगळवारी काडा की होडी.”

“दोन दिसात होतंय. तू पुस्तक वाच जा.”

“फिटर काय म्हणाला हुता? थेंब पडू द्या म्हणाला हुता.”

“मी तुज्या पुस्तकात बोट घालतो का? मग तू हितं घालू नगंस.”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोर रडत होती, काठावर चार माणसं उभी होती, चारचौघांत नवऱ्याला बोलायचं नाही हे डोक्यात ठोकून बसवलेलं. मी मूग गिळून घरी आले. त्या मुगांचा मला आजपर्यंत राग आहे.

त्यानं काम मात्र जीव ओतून केलं. शेतावर सिमेंटच्या ओट्यावर पंप बसवतात तसंच सगळं. ताणून दोरा धरला, पाणसळ ठेवून पातळी बघितली, इंजिनाखाली पत्र्याचे तुकडे सारले आणि इंजिन शाफ्टच्या रेषेत असं आणलं की चूक काढून दाखवा. पण ओटा जागचा हलत नसतो. होडी मार्चच्या उन्हात दोन दिवस करपत होती, फळ्या आटून फटी पडल्या होत्या, आणि तिचा आकार पाण्यात गेल्यावर बदलणार होता. बैलगाडीचं चाक उन्हाळ्यात खिळखिळं होतं हे ज्याला शेंबडं पोर असल्यापासून माहीत, त्याला हे सुचू नये? फटीत त्यानं कापूस आणि डांबर भरलं. ग्लँडमध्ये नवी दोरी घातली आणि पान्यावर सगळा भार टाकून नट आवळले. शाफ्ट हातानं फिरवून बघितला तर फिरेना. “नवी दोरी हाय, बसंल,” म्हणाला.

सोमवारी सकाळी आठला होडी पाण्यात लोटली. भिजायला वेळ कुठला! ग्लँडमधनं एक थेंब नाही. त्यानं दूधवाल्याला हाक मारून दाखवलं, “बग, हाय का सर्दी?” दूधवाला कॅन घेऊन चढला. मी कंपास पेटी आणि हॉलतिकीट पदरात बांधून बसले. आम्ही तिघंच.

पाण्याच्या मध्यावर आलो आणि जळक्या चिंधीचा वास सुटला. मग धूर. मग कपलिंग धाडधाड आपटायला लागलं आणि एक बोल्ट तुटून दुधाच्या कॅनवर टण्णकन आदळला. दुसराही तुटला. त्यानं इंजिन बंद केलं. आजूबाजूला नुसतं पाणी, आणि दूधवाल्याच्या घड्याळात नऊ वाजायला आलेले.

आणि त्यानं काय करावं? पाना उचलला आणि ग्लँड आणखी आवळायला लागला. “ढिली ऱ्हायली वाटतं, म्हणून हालतंय.”

तिथं माझं डोकं फिरलं. चारचौघं नव्हते, आणि असते तरी मला फरक पडला नसता. मी त्याच्या हातातनं पाना हिसकावून घेतला. “सरका! हात लावाल तर पाना पाण्यात फेकून दीन!” असं मी त्याला आधी कधी बोलले नव्हते. दूधवाला आ वासून बघत राहिला. “तू काय बगतोस? फुडं जाऊन बस, होडीचा तोल बिगडतोय,” म्हटलं. तो मुकाट्यानं पुढं जाऊन बसला.

ग्लँडचे नट सैल केले. शाफ्टवर पाण्याचा पहिला थेंब पडला तेव्हा तापल्या तव्यावर पडल्यासारखा चर्र आवाज झाला. कंपास पेटीत पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड होतं, ते कपलिंगमध्ये सारून बघितलं. वरच्या बाजूला ब्लेड जाईना आणि खालच्या बाजूला माझी अख्खी पट्टी शिरली. काठावर दोऱ्यात ओवल्यासारखं सरळ असलेलं इंजिन पाण्यात आल्यावर एवढं वाकडं झालं होतं. मी इंजिनाच्या बुडाचे बोल्ट सैल केले, दूधवाल्याची तंबाखूची पत्र्याची डबी मागून घेऊन चेपली आणि नवऱ्याला म्हटलं, “वल्हं घाला खाली. उचला.” त्यानं उचललं. चेपलेली डबी इंजिनाच्या पायाखाली सारली, ब्लेड फिरवून बघितलं, पुन्हा उचलायला लावलं, तिचीच घडी घातली, पुन्हा सारली. मध्येच हात थांबवून डब्यानं पाणी उपसायचं, कारण फळ्यांमधनं ते येतच होतं. तुटलेल्या दोन बोल्टांना पर्याय नव्हता, उरलेले दोन आवळले. मी ज्या ठिकाणी सांगेन त्या ठिकाणी त्यानं जोर लावला.

इंजिन सुरू झालं. दोन बोल्टांवर वेगात नेता येईना, त्यामुळं आम्ही रांगत रांगत पलीकडं लागलो. साडेदहा होऊन गेले होते. पाणी मागं सरलेलं, काठाला गुडघाभर चिखल. आम्ही दोघं चिखलातनं पळालो, रस्त्यावर एक टेंपो थांबवला. शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा बारा वाजायला दहा-पंधरा मिनिटं कमी होती.

अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. दारातल्या सरांनी तेच सांगितलं, पण ते माणूस म्हणून वाईट नव्हते. हॉलतिकीट हातात घेतलं, मागचे पेपर दिलेत हे बघितलं आणि विचारलं, “एवढा उशीर का झाला? काही अपघात वगैरे? तसं असेल तर मी आत विचारून बघतो.”

मी धापा टाकत होते. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. बोलायला तो होता. एवढंच सांगायचं होतं की मधे होडी बंद पडली. चूक कुणाची हे सांगायची गरजसुद्धा नव्हती. पण पंचक्रोशीतल्या मिस्त्रीची होडी, त्यानं स्वतः दुरुस्त केलेली, अर्ध्या पाण्यात बंद पडली, हे त्याच्या तोंडातनं निघेना. दारात तालुक्याची चार माणसं ऐकत उभी होती. तो हसला आणि म्हणाला,

“बायकांचं आवरणं, सायेब. पोरीला पाजत बसली.”

सरांनी हॉलतिकीट परत दिलं. “बाई, परीक्षेच्या दिवशी तरी,” असं काहीतरी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मी तिथं ओरडायला पाहिजे होतं. होडीत ओरडले होते, मग तिथं का नाही? मी मागं फिरले आणि फाटकापर्यंत चालत गेले. तो पाठीमागनं म्हणत होता, “ऑक्टोबरला दे की, काय बिगडतंय.” जूनमध्ये बालवाडीची जागा शेजारच्या गावच्या बाईला मिळाली. काय बिघडलं ते हे.

ऑक्टोबरला फक्त गणित दिलं. होडीचं इंजिन त्याआधी मी स्वतः पाण्यात उभी राहून रेषेत आणलं आणि ग्लँडमधनं थेंब पडू दिला. सगळ्या विषयांत जास्त मार्क गणितातच पडले. पण निकालावर ऑक्टोबर लिहिलेलं असतं, आणि ऑक्टोबर म्हणजे नापास, हे लोक न विचारता समजून घेतात. कुणी विचारलंच तर तो सांगायचा, “गणितात गेली हुती.” दूधवाल्याला खरं माहीत होतं, पण मिस्त्रीशी वाकडं कोण घेणार. मी एकदा-दोनदा बोलले, तर घरात आठ-आठ दिवस अबोला झाला. मग मी तो विषय सोडून दिला, आणि ती माझी दुसरी चूक.

गेल्या महिन्यात नात गणिताचे मार्क बघून रडत बसली होती. तिचे आजोबा आता ऐंशीच्या घरातले. तिच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाले, म्हणजे तो म्हणाला, “रडू नगंस. तुजी आज्जीबी गणितात नापास झाली हुती.” पोरगी डोळे पुसून माझ्याकडं बघून हसली. इतकी हसली की मला तिला दुखवायची इच्छा होईना. पण मी म्हटलंच, “नापास व्हायला पेपर लिहावा लागतो, बाळा. मला कुणी लिहू दिला नाही. अवो, सांगा की तिला त्या दिवशी काय झालं ते. आता तरी सांगा.”

ती त्याच्याकडं बघायला लागली. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतकी वर्षं, आणि आम्ही तिघंच खोलीत. मला वाटलं, आता बोलेल.

“कायबी म्हण,” तो म्हणाला, “माजी ग्लँड गळत न्हवती.”