मदतीची पानं

आमच्या कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हा शिकवायला एक जण आला होता. चहा पीत पीत त्यानं भराभर बटणं दाबून दाखवली आणि जाताना म्हणाला, "काही अडलं तर हेल्पमध्ये बघा, सगळं आहे त्यात." होतं, खोटं कशाला बोलू. पण गोदामातही सगळंच असतं हो, म्हणून काय हवी ती वस्तू हाताला लागते?

मी तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या ऑफिसात होते. माल बाहेर पाठवताना त्याचं चलन काढायचं. गाडी कुठली, माल किती, कुठल्या पार्टीकडे चाललाय, असा सगळा तपशील त्या कागदावर. तो निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडू शकत नाही.

त्या हेल्पची खोड मला पहिल्याच आठवड्यात कळली. एक चलन चुकलं होतं, ते रद्द करायचं होतं. शोधायच्या चौकोनात मी 'कॅन्सल' लिहिलं. तर रजा कशी रद्द करायची, मीटिंग कशी रद्द करायची, असली पानं निघाली. कप्पाळ माझं! 'डिलीट' लिहिलं, तर एकही पान नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, साहेब दारात येऊन घड्याळ बघतायत, आणि मी मराठी शाळेत शिकलेली बाई शब्द बदलून बदलून त्या चौकोनाला विनवतेय. शेवटी भलत्याच एका पानाच्या तळाशी सापडलं. त्यांच्याकडे त्याला रद्द करणं म्हणतच नव्हते, 'रिव्हर्सल' म्हणत होते. आता ज्याला हा शब्द माहीत आहे तो हेल्पमध्ये जाईल कशाला? ज्याला अर्धंअधिक उत्तर आधीच ठाऊक, त्यालाच ते पान दर्शन देणार. हा कुठला न्याय?

चिडले, पण सोडलं नाही. त्याचं खरं कारण सांगते, मला घरी जायची घाई नव्हती. सांगलीकडून लग्न होऊन मी बोईसरला आले ती ह्यांच्या नोकरीपायी. हे गेले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. भाऊ दिवाळीला फोन करतो, पाऊसपाणी विचारतो, ठेवतो. नवापूर रोडवरच्या एका खोलीत जाऊन भिंतींशी बोलण्यापेक्षा संध्याकाळची बस सोडून मी त्या हेल्पमध्येच बसायचे. एका पानावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. प्रत्येक पानाखाली एक ओळ असायची, ही माहिती तुम्हाला उपयोगी पडली का, हो किंवा नाही. माझं जमलं का म्हणून विचारणारं दिवसभरात तेवढंच. मी आपली न चुकता 'हो' दाबायचे. कधी कधी काडीचा उपयोग झालेला नसायचा, पण एवढं विचारतंय बिचारं, तोंडावर नाही कशाला म्हणा.

हळूहळू सगळ्यांना कळलं, की या बाईला हेल्पमधलं सापडतं. मग काय विचारता! स्वतः वाचून बघेल तो आमच्या कारखान्यातला माणूस कसला. आधी शेजारच्या टेबलावरून हाका यायच्या, मग मागच्या गेटवरून फोन, मग मी घरी गेल्यावर दुसऱ्या पाळीतल्यांचे फोन. मागच्या गेटवर नवापूरचा एक जण होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. घरची होडी, भाऊ सगळे समुद्रावर, हा एकटाच नोकरीला लागलेला. त्याचा फोन तर रोजचा.

"मॅडम, चिडू नका हां."

"आधीच चिडलेय. बोल."

"टँकर उबा हाय, आनि पार्टीचं नाव भलतंच येतंय."

"डोळे घरी ठेवून आलायस का? वरच्या कोपऱ्यात बघ. काय दिसतंय?"

"तुमचा राग दिसतोय."

काम दोन मिनिटांत व्हायचं, बोलणं लांबायचं. आज भावांना काय मिळालं, अवेळी पाऊस आला आणि आईनं वाळत घातलेले बोंबील कसे भिजले, मुलगी गणितात कशी नापास झाली. मी तोंडानं म्हणायचे, "पुरे आता, माझी पोळी करपली," आणि गॅस बंद करून खुर्ची ओढून बसायचे. सुट्टीच्या दिवशी बराच वेळ फोन वाजला नाही तर उचलून बघायचे, चार्जिंग आहे ना म्हणून.

एक दिवस साहेबांनी बोलावलं. "बाई, तुम्हाला फार त्रास होतो. घरीसुद्धा फोन येतात म्हणे. आपल्या लोकांसाठी मराठीत हेल्प लिहून टाका ना. कॉम्प्युटरवरच चढवू."

मी हरखले. शाळेत निबंध लिहिला त्यानंतर मला कुणी काही लिहायला सांगितलंच नव्हतं. आणि कसं लिहायचं नाही ते मला पुरतं कळलेलं होतं. सॉफ्टवेअरमधली नावं मी पानांना दिलीच नाहीत. जसे फोन यायचे तशीच नावं दिली. 'टँकर उभा आहे आणि पार्टीचं नाव भलतंच येतंय.' 'दोनदा छापलं गेलं, आता काय करू?' 'काल केलेलं आज दिसत नाही.' 'साहेब ओरडतायत, लवकर सांगा.' हे शेवटचंही एक पानच होतं, त्यात नेहमी होणाऱ्या चुका होत्या. लिहिताना त्या त्या माणसाचा आवाज कानात असायचा. साहेबांनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. "ही काय हेल्प आहे?"

"सर, माणूस अडला की असंच बोलतो," मी म्हटलं. त्यांनी हसून राहू दिलं.

पानं चढली. पहिला आठवडा मी घरी फोन जवळ घेऊन बसले. म्हटलं, काही राहिलं असेल तर विचारतील. पुढच्या आठवड्यातही बसले. एकदा वाजला, तो गॅसवाल्याचा. मला वाटलं फोनच बिघडला. शेजारणीला म्हटलं, जरा मिस्ड कॉल दे बघू. तिनं दिला, तर वाजला की मेला!

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे. नीट लिहिलं होतं ना मी. एक पायरी गाळली नव्हती, एक शब्द कुणाला अडेल असा ठेवला नव्हता. जे जे मला कुणी विचारलं होतं ते सगळं तिथे घालून बसले होते, मग आता विचारायला उरलं काय? मी पोळ्या करत राहिले. एकही करपली नाही.

एकदा संध्याकाळी बाजारात तो नवापूरवाला भेटला. आईच्या मासळीच्या टोपलीपाशी उभा होता. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. आईला म्हणाला, "ह्या बघ त्या मॅडम." मग मला म्हणाला, "लय बेस लिवलंय तुमी. आता आमी सगल्यांनी ठरवलंय, मॅडमना घरी फोन करून तरास द्यायचा नाय."

"बरं केलंत," मी म्हटलं.

कर रे फोन, असं म्हणायचं होतं मला. अडू दे, न अडू दे, कर. पण इतकी वर्षं फोन घेतला की आधी झोडपायचं आणि मग बोलायचं, आता कुठल्या तोंडानं सांगू, की तो राग माझा नुसता बोलायचा होता? त्याच्या आईनं माझ्या पिशवीत वाटीभर जवळा ओतला. घरी येऊन रडले. स्पष्टच सांगते, चांगली हुंदके देऊन रडले, आणि मग उठून जवळा भाजला, कारण जेवायचं तर होतंच.

पुढे मी निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, चार चांगले शब्द मिळाले. तो नवापूरवालाही नोकरी सोडून भावांबरोबर होडीवर गेला, असं कळलं. मी मात्र बोईसरलाच राहिले. सांगलीला जाऊन तरी कुणाच्या ओसरीवर बसणार? सकाळी शिफ्टच्या बसगाड्या खिडकीखालून जातात, त्यांतले चेहरे दरवर्षी जास्त जास्त अनोळखी होत गेले.

एका दुपारी, जेवणाची भांडी घासून झाल्यावर, मी मागच्या गेटचा नंबर लावला. मनाशी म्हणत होते, सहज, कोण कसं आहे ते विचारू. पलीकडून बाईचा आवाज आला, अगदी अनोळखी, आणि माझी त्रेधा उडाली. मी कोण म्हणून सांगू? कुणाशी तरी बोलावंसं वाटलं म्हणून फोन केला, असं परक्या माणसाला सांगतात का कधी? तोंडातून निघून गेलं, "मी आपल्या पालघरच्या युनिटमधून बोलतेय. नवीन लागलेय. गाडीचा नंबर चुकीचा पडलाय हो, आणि चलन तर छापून झालं."

"घाबरू नका," ती म्हणाली. बोलण्यावरून तारापूरकडचीच होती. "आमच्याकडं मदतीची पानं हायत. मी वाचते, तुमी तसं करत जा."

मी खोलीत फरशीवर बसले होते. पुढ्यात ओट्याखालचा सिलिंडर.

"'आधी एक श्वास घ्या. गाडी कुठे पळून जात नाय, ती गेटच्या आतच हाय.'" वाचता वाचता ती हसली. "असंच लिवलंय हां मॅडम, मी माज्या मनाचं नाय बोलत."

"असू दे. वाचा."

"'उजवीकडं तीन टिंबं हायत, त्यांवर दाबा.' दाबलं?"

"दाबलं."

"'आता नंबर बदला असं खाली येईल.' आलं?"

"आलं," मी सिलिंडरकडे बघून म्हटलं.

माझ्या प्रत्येक 'आहे'चं ती 'हाय' करत होती आणि ते जास्त बरं वाटत होतं. प्रत्येक ओळीनंतर थांबायची, मी हो म्हणेपर्यंत पुढे जायची नाही. घाई नाही, कटकट नाही. तिसरी ओळ मी मुद्दाम परत वाचायला लावली, तिनं वाचली. पान संपत आलं तशी मी हो म्हणायला वेळ लावू लागले, माझंच पान, मला माहीत होतं खाली किती ओळी उरल्यात.

"सुटली गाडी?"

"सुटली." माझा आवाज काही नीट येईना.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही. केमिकलचा वास फार येतोय इथे."

"मग आमच्याकडं काय अत्तर हाय?" ती म्हणाली, आणि मला इतकं हसू आलं, की डोळे पुसावे लागले.

"हे कुणी लिहिलंय हो?" मी विचारलं.

"काय म्हाईत. नाव नाय टाकलेलं. पन जी कोन असंल तिला आमच्या सगल्या अडचनी ठावक हायत. मना तर वाटतं, ती बाजूलाच बसलीय." मग म्हणाली, "परत अडलं तर फोन करा हां. लाजू नका."

इतक्या वर्षांत मी एकालाही असं म्हटलं नव्हतं. एवढंच तर म्हणायचं होतं.

ठेवते म्हणून ती म्हणणार इतक्यात मी घाईनं विचारलं, "उद्या वजनाचं काही विचारलं तर चालेल?"

"विचारा ना," ती म्हणाली. "त्याचं वेगलं पान हाय."