फ्लॉप्या कोऱ्या कुणी केल्या

नाशिकच्या आमच्या रेडिओ स्टुडिओत पहिला संगणक आला तो ऐंशीचं दशक सरता सरता. मी तिथे अभियंता. संगणक बसवायचं काम माझ्याकडे होतं. त्यात ध्वनिफितींची यादी भरायचं काम निफाडहून रोज एसटीने येणाऱ्या एका टायपिस्ट बाईंकडे होतं. त्यांची नोकरी तात्पुरती. नवरा अंथरुणाला खिळलेला. मुंबईच्या साहेबांना पाहणीत यादी पडद्यावर दिसली की बाईंना कायम करायचं, असं ठरलं होतं.

आमचे निवेदक त्यांना चिडवायचे. "बाई, हे खोकं उद्या बातम्याही वाचणार म्हणे. मग मी येतो तुमच्या निफाडला द्राक्षं तोडायला."

"या की. पण तिथे नुसतं बोलायचे पैसे देत नाहीत हं!"

त्या संगणकाच्या पोटात काही साठत नसे. सगळी यादी फ्लॉप्यांवर. दुसरी प्रत काढायला आम्ही नव्या फ्लॉप्या मागवल्या होत्या, त्या यायच्या होत्या.

स्टुडिओत आमची एक पद्धत होती. फीत अगदी नवी असली तरी आधी चुंबकाच्या यंत्रावर धरून 'कोरी' करायची, नाहीतर आवाजामागे खरखर येते. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर फ्लॉप्यांचा डबा दिसला. नव्या आल्या, असं मी धरून चाललो. उघडूनही पाहिलं नाही. सवयीने अख्खा डबा यंत्रावरून फिरवला.

दुसऱ्या दिवशी साहेब समोर बसलेले आणि बाई एकामागून एक फ्लॉपी घालतायत. पडद्यावर दर वेळी तीच, फ्लॉपी वाचता येत नसल्याची सूचना.

"सर, तुम्ही बघा ना. काल होतं हो सगळं! देवाशप्पथ होतं!"

बाईंसमोर तोच कालचा डबा पाहताच मला कळून चुकलं होतं. तरी मी केबली काढून पुन्हा लावत राहिलो, संगणक बंद-चालू करत राहिलो. शेवटी आमच्या प्रमुखांनी विचारलं, "अहो, झालंय तरी काय?"

"नीट सेव्ह झालेलं दिसत नाही," मी म्हणालो.

तेवढं पुरलं. बाईंची मुदत पुढे वाढली नाही.

जाताना त्या माझ्याकडे आल्या. "सर, माझं नेमकं काय चुकलं तेवढं सांगा. दुसरीकडे काम मिळालं तर तिथे पुन्हा असं नको व्हायला."

आणि मी त्यांना एक चूक शोधून दिली. म्हणालो, सेव्ह होताना खाचेशेजारी लागतो तो लाल दिवा विझायच्या आत तुम्ही फ्लॉपी ओढत असाल.

त्या विचारात पडल्या. "असेल. एसटी गाठायची घाई असायची," म्हणाल्या, आणि माझे आभार मानून गेल्या.

त्यांनी एकदाही घाई केली नव्हती. तो दिवा विझेपर्यंत त्या मांडीवर हात ठेवून बसून राहायच्या. मी रोज पाहत होतो.